शिक्का शुद्धतेचा, हक्क मालकीचा

सराफाच्या पेढीवर पाऊल ठेवणारा ग्राहक साधारणतः दोन प्रश्न विचारतो. आजचा भाव काय आणि दागिन्यावर हॉलमार्क आहे का? वस्तू विकणाऱ्याला ती विकण्याचा अधिकार आहे का, हा तिसरा प्रश्न सहसा कुणाच्या मनातही येत नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र हाच प्रश्न सर्वांत आधीचा आहे. हॉलमार्क किंवा आयएसआय चिन्ह वस्तूच्या दर्जाविषयी सांगते. वस्तू कोणाची, याविषयी ते काहीही सांगत नाही. चोरीच्या हारावरही अस्सल हॉलमार्क असू शकतो आणि वडिलोपार्जित, निर्विवाद मालकीच्या पाटल्याही कसाला कमी उतरू शकतात. दर्जा आणि मालकी या दोन बाबींचा विचार कायद्याने वेगवेगळा केला आहे. दोन्हींत विक्रेत्याची जबाबदारी काय आणि ग्राहकाला दाद कुठे मागता येते, हे समजून घेणे प्रत्येक खरेदीदाराच्या हिताचे आहे.

कायद्याची पार्श्वभूमी

मालाच्या खरेदी-विक्रीचे नियम पूर्वी १८७२ च्या भारतीय करार अधिनियमातच समाविष्ट होते. पुढे इंग्लंडच्या १८९३ च्या कायद्याच्या धर्तीवर स्वतंत्र मालविक्री अधिनियम तयार झाला आणि १ जुलै १९३० रोजी तो अमलात आला. भाजीपासून मोटारीपर्यंत सर्व जंगम वस्तूंच्या विक्रीला आजही हाच कायदा लागू आहे. घर व जमीन यांचे व्यवहार त्यात येत नाहीत.

या कायद्याने विक्रीच्या करारातील अटींचे दोन प्रकार मानले आहेत. कराराच्या मूळ हेतूशीच निगडित असलेली ती ‘शर्त’ आणि आनुषंगिक असलेली ती ‘हमी’. शर्त मोडली तर ग्राहकाला करार रद्द करून वस्तू नाकारता येते. हमी मोडली तर केवळ नुकसानभरपाई मागता येते, वस्तू परत करता येत नाही. ग्राहकाने माल एकदा स्वीकारला, की सामान्यतः शर्तीचा भंगही हमीच्या भंगाप्रमाणे मानला जातो आणि त्याच्या हाती भरपाईचाच मार्ग उरतो. तक्रार वेळेत करणे का महत्त्वाचे, याचे उत्तर या नियमात आहे.

विकणाऱ्याजवळ हक्क हवा

मालविक्री अधिनियमाचे कलम १४ मालकीविषयी आहे. बिलावर तसे लिहिलेले नसले तरी प्रत्येक विक्रीत तीन गोष्टी गृहीत धरल्या जातात. विक्रेत्याला वस्तू विकण्याचा अधिकार आहे, ही शर्त. ग्राहकाला ती वस्तू निर्वेधपणे उपभोगता येईल, ही पहिली हमी. ग्राहकापासून लपवलेला कोणताही बोजा त्या वस्तूवर नाही, ही दुसरी हमी. करारात किंवा व्यवहाराच्या परिस्थितीत वेगळा उद्देश दिसत नसेल, तर विक्रेत्याला यातून अंग काढून घेता येत नाही.

या शर्तीचे महत्त्व सांगताना इंग्लंडमधील ‘रोलंड विरुद्ध डिव्हॉल’ या १९२३ च्या खटल्याचा दाखला नेहमी दिला जातो. एका मोटार व्यापाऱ्याने ३३४ पौंडांना गाडी घेतली आणि पुढे दुसऱ्याला विकली. सुमारे चार महिन्यांनी ती चोरीची असल्याचे उघड होऊन पोलिसांनी जप्त केली. मधल्या काळात गाडी वापरली गेली, म्हणून वापराची रक्कम कापून घ्यावी, असा युक्तिवाद झाला. तो अपील न्यायालयाने फेटाळला. ग्राहकाने पैसे मोजले ते मालकीसाठी, नुसत्या वापरासाठी नव्हेत. मालकीच मिळाली नाही, तेव्हा मोबदल्यापोटी त्याला काहीच मिळाले नाही आणि म्हणून पूर्ण किंमत परत करणे भाग आहे, असा या निकालाचा आशय होता. भारतीय कायद्याच्या अभ्यासातही कलम १४ चे विवेचन या निकालाच्या आधारे केले जाते.

चोरी आणि फसवणूक यांतील फरक

स्वतःजवळ नसलेला हक्क कुणालाही दुसऱ्याला देता येत नाही, हे तत्त्व कलम २७ मध्ये आले आहे. लॅटिनमध्ये त्याला ‘नेमो डॅट क्वॉड नॉन हॅबेट’ असे म्हणतात. चोराकडून वस्तू घेणाऱ्याला, त्याने प्रामाणिकपणे आणि पूर्ण किंमत देऊन घेतली तरी, सामान्यतः मालकी मिळत नाही. वस्तू चार हात फिरली तरी मूळ मालकाचा हक्क कायम राहतो. शेवटच्या ग्राहकाने आपल्या विक्रेत्याकडे किंमत मागायची, त्याने त्याच्या आधीच्याकडे, अशी साखळी मागे जात राहते. पहिला चोर सापडत नसल्याने तोटा अखेर कुणा एका निरपराध खरेदीदाराच्या माथी बसतो. माल चोरीचा आहे हे ठाऊक असताना किंवा तसे मानण्यास कारण असताना तो घेणे, हा तर गुन्हाच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्याची तरतूद कलम ३१७ मध्ये आहे.

फसवणुकीचे प्रकरण मात्र वेगळे आहे. मालकाने स्वतःहून वस्तू विकली, पण खोटी बतावणी ऐकून विकली, तर तो करार आपोआप रद्द ठरत नाही. तो रद्द करण्याचा अधिकार मालकाला असतो. त्याने तो अधिकार वापरण्यापूर्वीच त्या ठकाकडून एखाद्याने सद्भावनेने आणि काही ठाऊक नसताना वस्तू विकत घेतली, तर कलम २९ नुसार त्याला चांगली मालकी मिळते. लंडनमधील ‘फिलिप्स विरुद्ध ब्रुक्स’ या १९१९ च्या खटल्यात हेच तत्त्व दिसते. एका इसमाने जवाहिऱ्याच्या दुकानात आपण एक प्रतिष्ठित सरदार असल्याचे भासवले, खोटा धनादेश देऊन अंगठी नेली आणि ती गहाण टाकली. अंगठी गहाण घेणारा निर्दोष होता. जवाहिऱ्याला अंगठी परत मिळाली नाही. दुकानात समोर उभ्या असलेल्या माणसालाच त्याने ती विकली होती, असे न्यायालयाने मानले. चोरी झालेला मालक आणि फसवला गेलेला मालक यांचे दुःख सारखेच असले, तरी कायद्यातील त्यांची जागा एक नाही.

मालकी केव्हा पालटते?

पैसे दिले म्हणजे मालक झालो, अशी सर्वसाधारण समजूत असते. कायदा तसे म्हणत नाही. ठरावीक वस्तू तयार स्थितीत असेल आणि सौदा बिनशर्त झाला असेल, तर सौदा होताच मालकी ग्राहकाकडे जाते. पैसे नंतर द्यायचे ठरले असले किंवा वस्तू दुसऱ्या दिवशी न्यायची असली, तरी त्याने फरक पडत नाही. विक्रेत्याला वस्तूवर अजून काही काम करायचे असेल, उदाहरणार्थ मंगळसूत्राची लांबी वाढवायची असेल, तर ते काम पूर्ण होऊन ग्राहकाला तसे कळेपर्यंत मालकी विक्रेत्याकडेच राहते. वस्तू नष्ट होण्याचा धोकाही सामान्यतः मालकीबरोबरच जातो. म्हणून हा क्षण नेमका कोणता, याला महत्त्व आहे.

कलम १८ मधील नियम तर मध्यमवर्गीय कुटुंबांनी विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. माल निश्चित झाल्याखेरीज त्याची मालकी पालटत नाही, असे हे कलम सांगते. सराफाकडे दरमहा ठरावीक रक्कम भरून वर्षअखेरीस दागिना घ्यायच्या सुवर्ण योजना किंवा भिशी लोकप्रिय आहेत. अशा योजनेत हप्ते भरणाऱ्याच्या नावे कोणताही विशिष्ट दागिना बाजूला काढलेला नसतो. त्यामुळे पेढी बुडाली, तर तिजोरीतील सोन्यावर त्याला मालक म्हणून हक्क सांगता येत नाही. तो इतर देणेकऱ्यांच्या रांगेतला एक येणेकरी ठरतो. मुलीच्या लग्नासाठी साठवलेले सोने आपले म्हणून ज्यांनी मानले होते, त्यांच्या हाती प्रत्यक्षात फक्त हप्त्यांच्या पावत्या असतात. महाराष्ट्रात अशा प्रकरणी ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणासाठी केलेल्या १९९९ च्या राज्य कायद्याचा आधार घेतला जातो. पण मालमत्ता जप्त होऊन तिची विक्री होईपर्यंत वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते.

जुने सोने देऊन त्याचाच नवा दागिना घडवून घेतला जातो, तेव्हा स्थिती निराळी असते. दिलेल्या सोन्याचाच दागिना घडवायचा असे ठरले असेल, तर सोन्याची मालकी ग्राहकाचीच राहते आणि सराफाला फक्त घडणावळ मिळते. जुने सोने मोडीत घालून त्याची रक्कम नव्या दागिन्यात वळती करायची असेल, तर ती सोन्याची विक्री होते. यांपैकी कोणता व्यवहार झाला, हे पावतीवरील शब्दांवरून ठरते.

शिक्क्याचा अर्थ

दर्जाच्या शिक्क्यांचा भारतातील इतिहास स्वातंत्र्याच्या वर्षापासून सुरू होतो. १९४७ मध्ये भारतीय मानक संस्था स्थापन झाली. १९५२ च्या कायद्याने तिला प्रमाणन चिन्ह देण्याचा अधिकार मिळाला आणि ‘आयएसआय’ हे नाव घरोघरी पोहोचले. १९८६ च्या कायद्यानुसार १ एप्रिल १९८७ रोजी या संस्थेची जागा भारतीय मानक ब्युरोने घेतली. सध्या लागू असलेला ब्युरोचा कायदा २०१६ चा असून तो १२ ऑक्टोबर २०१७ पासून अमलात आहे.

सोन्याच्या दागिन्यांसाठी हॉलमार्क योजना २००० मध्ये ऐच्छिक स्वरूपात सुरू झाली. २३ जून २०२१ पासून ती प्रथम २५६ जिल्ह्यांत सक्तीची झाली आणि पुढे टप्प्याटप्प्याने अन्य जिल्हे त्यात आले. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक बंधनकारक आहे. आता दागिन्यावर तीन खुणा असतात. ब्युरोचे त्रिकोणी चिन्ह, २२ कॅरेटसाठी ‘२२के९१६’ यासारखा शुद्धतेचा अंक आणि एचयूआयडी. ग्राहकाकडे आधीपासून असलेले जुने हॉलमार्क दागिने यामुळे बाद होत नाहीत. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे डाग, कुंदन, पोलकी व जडावाचे दागिने आणि ४० लाख रुपयांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेले सराफ यांना सक्तीतून सूट देण्यात आली.

‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपवर हा क्रमांक टाकला, की नोंदणीकृत सराफ, हॉलमार्क करणारे केंद्र, दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता यांचा तपशील दिसतो. दागिन्याच्या आजच्या मालकाचे नाव त्यात नसते. त्यामुळे अॅपवर क्रमांक जुळला म्हणजे विकणारा खरा मालक, असा अर्थ काढणे चुकीचे आहे.

शिक्का खोटा ठरला तर

बिलावर ‘२२ कॅरेट’ असे लिहिले, की ती वर्णनानुसार झालेली विक्री ठरते. कलम १५ नुसार माल त्या वर्णनाशी जुळणे ही शर्त आहे. कलम १६ ची सुरुवात ‘ग्राहकाने स्वतः सावध असावे’ या जुन्या तत्त्वाने होते. मात्र त्याच कलमात मोठे अपवाद आहेत. ग्राहकाने आपली गरज सांगून विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला असेल, तर तो त्या कामासाठी योग्य असला पाहिजे. त्याच प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्याकडून वर्णनावरून वस्तू घेतली असेल, तर ती विक्रीयोग्य दर्जाची असली पाहिजे. वस्तू तपासून घेतली असेल, तर तपासणीत सहज दिसू शकणाऱ्या दोषाबद्दल नंतर तक्रार करता येत नाही. पण सोन्याचा टंच डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून असा दोष तपासणीत दिसायला हवा होता, हा बचाव विक्रेत्याला सहसा उपयोगी पडत नाही.

‘हॉलमार्क केंद्राने शिक्का मारला, आमचा दोष नाही’ असे म्हणूनही सराफाला सुटता येत नाही. ब्युरोच्या कायद्याचे कलम ३१ चिन्हधारकाने मानकाशी न जुळणारा माल विकल्यास ग्राहकाला भरपाई देण्याची तरतूद करते. २०१८ च्या नियमावलीतील नियम ४९ नुसार हॉलमार्क दागिना कसाला कमी उतरल्यास शुद्धतेतील तुटीच्या रकमेची दुप्पट आणि तपासणीचा खर्च ग्राहकाला मिळतो. उदाहरणार्थ, ९१६ चा शिक्का असलेला २० ग्रॅमचा दागिना तपासणीत ८३३ चा निघाला, तर तूट हजारी ८३ एवढी, म्हणजे सुमारे १.६६ ग्रॅम शुद्ध सोन्याची होते. या तुटीच्या रकमेची दुप्पट भरपाई देय ठरते.

याखेरीज २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये ‘उत्पादन दायित्व’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. सदोष वस्तूमुळे इजा किंवा हानी झाल्यास उत्पादक जबाबदार असतो. त्याने दिलेली स्पष्ट हमी खोटी ठरली, तर आपण निष्काळजीपणा केला नव्हता, हे सिद्ध करूनही त्याची सुटका होत नाही. स्वतः उत्पादक नसलेला विक्रेता काही परिस्थितींतच जबाबदार ठरतो. वस्तूच्या रचनेवर, चाचणीवर किंवा वेष्टनावर त्याचे नियंत्रण असेल, त्याने वस्तूत बदल केला असेल, स्वतंत्र हमी दिली असेल, योग्य ती काळजी घेतली नसेल किंवा उत्पादक कोण हेच कळत नसेल, तर दुकानदाराला जबाबदारी टाळता येत नाही. बेनामी कुकर किंवा हेल्मेट विकणाऱ्यांनी यातील शेवटचा मुद्दा ध्यानात घ्यावा.

घरगुती प्रेशर कुकर आणि दुचाकीस्वारांची हेल्मेट यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. चिन्हाविना कुकर विकू दिल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये काही ई-कॉमर्स कंपन्यांना प्रत्येकी एक लाख रुपये दंड ठोठावला आणि विकलेले कुकर परत घेऊन ग्राहकांचे पैसे देण्याचा आदेश दिला.

प्रमाणपत्र देणाऱ्याचे काय?

हिऱ्याचे प्रमाणपत्र देणारी खासगी प्रयोगशाळा किंवा वस्तूवर आपला शिक्का देणारी संस्था यांचा ग्राहकाशी थेट करार नसतो. मग त्यांचा अहवाल चुकला तर? अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १९६९ मध्ये ‘हॅनबेरी विरुद्ध हर्स्ट कॉर्पोरेशन’ या खटल्यात हा प्रश्न उपस्थित झाला. ‘गुड हाउसकीपिंग’ मासिकाची मोहर असलेले बूट घेतलेली महिला घरातील गुळगुळीत फरशीवर घसरून जखमी झाली. मासिकाने बूट बनवले नव्हते आणि विकलेही नव्हते. तरीही लोकांनी विश्वास ठेवावा म्हणूनच मोहर दिली जात असेल, तर निष्काळजीपणे केलेल्या चुकीच्या कथनाबद्दल मासिकावर दावा चालू शकतो, असे न्यायालयाने ठरवले. मात्र उत्पादकावर असते तशी हमीची किंवा निरपवाद जबाबदारी मासिकावर टाकण्यास नकार दिला.

भारतात २०१९ च्या कायद्याने ‘समर्थन’ या संज्ञेत संस्थेचे नाव किंवा मोहर दाखवण्याचाही समावेश केला आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत असे समर्थन करणाऱ्याला प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. दाव्याची योग्य ती पडताळणी आधी केली होती, असे दाखवल्यास त्याला बचाव मिळतो. प्रमाणपत्र चुकीचे निघाले, तरी वस्तू ‘प्रमाणित’ म्हणून विकणारा दुकानदार स्वतः केलेल्या वर्णनाला बांधलेलाच राहतो. ग्राहकाचा करार त्याच्याशी झालेला असतो, म्हणून पहिली दाद त्याच्याकडेच मागावी.

उत्पादक आणि विक्रेता यांच्या जबाबदाऱ्या वेगळ्या असतात, हे गोव्यातील एका प्रकरणात स्पष्ट झाले. २०११ चे मॉडेल म्हणून पैसे घेऊन डीलरने २००९ ची गाडी दिली होती. डीलर हा कंपनीचा एजंट नसून स्वतंत्र व्यापारी म्हणून गाड्या विकत होता. कंपनीला या प्रकाराची माहिती असल्याचे दाखवता न आल्याने सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कंपनीला जबाबदारीतून मुक्त केले.

जुन्या मोटारीच्या व्यवहारात मालकी आणि कागद यांची फारकत आणखी ठळक दिसते. सौद्यातील मालकी आरटीओतील नोंद बदलण्याआधीही पालटू शकते. परंतु नोंद बदलली नसताना अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. गाडी विकूनही नोंद तशीच ठेवणाऱ्याने आणि कर्जाचा बोजा न तपासता गाडी घेणाऱ्यानेही ही बाब विसरू नये.

बिलावरची ती ओळ

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ अनेक बिलांवर छापलेली असते. मालविक्री अधिनियमाच्या कलम ६२ नुसार दोन्ही पक्षांना गृहीत अटी कराराने वगळता येतात, हे खरे. परंतु २०१९ च्या कायद्यानुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत आणि मुदत दिली नसल्यास ३० दिवसांत परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापार पद्धत आहे. बिल न देणे हीसुद्धा अनुचित पद्धतच आहे. तेव्हा ‘बिलाविना घेतलेत तर कर वाचेल’ हा सल्ला ग्राहकाला महागात पडतो. वर्णन, विक्रेता, तारीख आणि किंमत या चारही गोष्टींचा पुरावा एका बिलात असतो. ते नसेल, तर कलम १४ काय आणि नियम ४९ काय, हक्क असूनही तो सिद्ध करणे कठीण होते.

ग्राहकांनी लक्षात ठेवावे

* बिलावर दागिन्याचे वजन, कॅरेट, हॉलमार्क शुल्क आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्यावी.
* एचयूआयडी क्रमांक दुकानातच अॅपवर तपासावा. आयएसआय चिन्हाखालील परवाना क्रमांकाचीही तशीच पडताळणी करता येते.
* जुनी वस्तू घेताना विक्रेत्याचे मूळ खरेदी बिल आणि ओळखपत्राची प्रत मागावी. बाजारभावापेक्षा फारच स्वस्त मिळणाऱ्या वस्तूचा मोह टाळावा.
* जुनी मोटार घेताना नोंदणी प्रमाणपत्रावरील कर्जाचा बोजा पाहावा आणि नोंद तातडीने बदलून घ्यावी.
* सुवर्ण योजनेत भरलेला हप्ता म्हणजे सोने नव्हे, हे ध्यानात ठेवून रक्कम गुंतवावी.
* दोष आढळताच विक्रेत्याला लेखी कळवावे. ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे आणि ती राहत्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडेही करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.